अटकेची नोंद आणि अमेरिकेतला मेडिकलचा प्रवेश

अमेरिकेत मेडिकलला जाऊ पाहणाऱ्या मुलाला किंवा मुलीला कधीकाळी पोलिसांनी अटक केली असेल, तर डॉक्टर होण्याचा विषय तिथेच संपला, असे अनेक घरांत धरून चालतात. तसे नाही. बहुतेक मेडिकल कॉलेजांच्या सामायिक अर्जात अटकेबद्दल प्रश्नच नसतो. प्रश्न असतो तो न्यायालयाने दोषी ठरवल्याचा किंवा आरोपीने स्वतः गुन्हा कबूल केल्याचा. अटक आणि दोषसिद्धी यांत मोठे अंतर आहे आणि ते ज्याला नीट कळले, त्याचे निम्मे काम झाले. उरलेले निम्मे म्हणजे विचारलेल्या प्रश्नाला खरे उत्तर देणे. अर्ज बुडतात ते बहुधा या दुसऱ्या भागात.

पोलिसांना संशयाला पुरेसे कारण दिसले की अटक होते. बोटांचे ठसे घेतले जातात, फोटो काढला जातो आणि राज्याच्या, बहुधा एफबीआयच्याही दफ्तरात एक नोंद पडते. पुढे सरकारी वकील आरोप ठेवतात किंवा प्रकरण सोडून देतात. आरोप ठेवले तरी खटला रद्द होऊ शकतो, आरोपी निर्दोष सुटू शकतो किंवा कमी गंभीर आरोपावर तडजोड होऊ शकते. गुन्ह्यांचे मुख्य वर्ग दोन : ज्यासाठी साधारणपणे एक वर्षाहून जास्त तुरुंगवास होऊ शकतो ती फेलनी आणि त्याहून हलका तो मिसडेमीनर. केवळ दंडावर भागणारे वाहतुकीचे किरकोळ नियमभंग या दोन्हींच्या बाहेर राहतात.

अर्जाने अटकेऐवजी दोषसिद्धीबद्दल विचारावे, यामागे न्यायाचा विचार आहे. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका देशव्यापी अभ्यासानुसार, वाहतुकीचे किरकोळ गुन्हे वगळूनही, वयाच्या २३व्या वर्षापर्यंत सुमारे ४९ टक्के कृष्णवर्णीय आणि ३८ टक्के गोऱ्या पुरुषांना किमान एकदा अटक झालेली असते. सिद्ध न झालेल्या संशयावर डॉक्टर निवडायचे ठरवले, तर ज्या वस्त्यांत पोलिसांची गस्त जास्त, तिथल्या मुलांवरच त्याचा भार पडेल.

हा सामायिक अर्ज ‘ॲमकास’ नावाने ओळखला जातो आणि अमेरिकन मेडिकल कॉलेजांची संघटना, म्हणजे एएएमसी, तो चालवते. स्पर्धा किती तीव्र आहे ते एका वर्षाच्या आकड्यांवरून कळते : २०२१-२२ मध्ये ६२,४४३ जणांनी अर्ज केले आणि प्रत्यक्ष प्रवेश घेतला २२,६६६ जणांनी. अर्जात फेलनी आणि मिसडेमीनर यांबद्दल वेगवेगळे प्रश्न असतात. दोषी ठरवले गेले असेल, गुन्हा कबूल केला असेल किंवा ‘नो कॉन्टेस्ट’, म्हणजे कबुली न देता आरोपाला विरोधही केला नाही अशी भूमिका न्यायालयात घेतली असेल, तर उत्तर ‘होय’. अल्पवयीन न्यायालयात निकाली निघालेली प्रकरणे आणि न्यायालयाने पुसून टाकलेल्या किंवा सीलबंद केलेल्या शिक्षा यांना यातून वगळले आहे. अर्ज पाठवल्यानंतर आणि प्रवेशाआधी कुणी दोषी ठरला, तर कामकाजाच्या दहा दिवसांत प्रत्येक कॉलेजला कळवणे बंधनकारक आहे.

प्रश्न सोपा वाटतो, पण चांगल्या घरची, कधी तुरुंगाचे तोंडही न पाहिलेली मुले नेमकी इथेच फसतात. व्हर्जिनिया राज्याचे उदाहरण घ्यावे. तिथे ताशी ८५ मैलांपेक्षा, म्हणजे सुमारे १३७ किलोमीटरपेक्षा जास्त वेगाने गाडी हाकणे हा साधा दंड भरून मिटणारा नियमभंग नसून ‘रेकलेस ड्रायव्हिंग’ या नावाचा मिसडेमीनर आहे. कायद्याने त्याला कमाल बारा महिने कैद आणि २,५०० डॉलर दंड होऊ शकतो. प्रत्यक्षात तरुणाला दंड होतो, वडील तो भरतात आणि घरात सगळे त्याला ‘स्पीडिंगचे तिकीट’ म्हणून विसरून जातात. तीन वर्षांनी तोच मुलगा अर्जात ‘नाही’ लिहितो. त्याने जाणूनबुजून खोटे सांगितलेले नसते, पण पडताळणीत मिसडेमीनर समोर येतो आणि कॉलेजच्या प्रवेश समितीच्या टेबलावर विसंगती उभी राहते.

दुसरा खड्डा ‘डायव्हर्जन’चा. पहिल्यांदाच सापडलेल्या तरुणाने समुपदेशन आणि समाजसेवेचे तास पूर्ण केले की खटला रद्द करायचा, ही सोय अमेरिकेत अनेक ठिकाणी आहे आणि ती माणुसकीची आहे. पण काही ठिकाणी त्यासाठी आधी गुन्हा कबूल करावा लागतो. खटला शेवटी रद्द झाला, तरी कबुली न्यायालयाच्या कागदावर राहते आणि अर्जातला प्रश्न कबुलीबद्दलही आहे. त्यामुळे अशा प्रकरणात ‘काहीच झाले नाही’ असे गृहीत न धरता न्यायालयाच्या कार्यालयातून अंतिम निकालाची प्रमाणित प्रत आणावी आणि ती एखाद्या फौजदारी वकिलाला दाखवावी. एफबीआयच्या दफ्तरातली स्वतःची नोंद १८ डॉलर भरून मागवता येते. अनेकदा तिथे अटक लिहिलेली असते आणि खटला रद्द झाल्याचे लिहायचे राहून गेलेले असते. ही चूक अर्जाआधी दुरुस्त करून घेणे शहाणपणाचे.

नोंद पुसण्याचे नियम राज्याराज्यांत वेगळे आहेत. पेनसिल्व्हेनियाने २०१८ साली ‘क्लीन स्लेट’ कायदा करून ठराविक नोंदी आपोआप सीलबंद करण्याची व्यवस्था देशात सर्वप्रथम आणली. कॅलिफोर्नियात त्याच वर्षापासून, अटक होऊनही दोषी न ठरलेल्यांना नोंद सीलबंद करून मागता येते. इतर अनेक राज्यांत मात्र स्वतः अर्ज करावा लागतो, शुल्क भरावे लागते आणि वकील करावा लागतो. ज्याच्याकडे पैसे नाहीत, त्याची नोंद निव्वळ गरिबीमुळे तशीच राहते. ही गोष्ट खरोखर लाजिरवाणी आहे.

अर्जातला आणखी एक प्रश्न पोलिसांशी संबंधित नसूनही याच प्रकरणाला चिकटलेला असतो. कॉलेजने विद्यार्थ्यावर शिस्तभंगाची कारवाई केली होती का, असे तिथे विचारले जाते. समजा, एकोणीस वर्षांच्या विद्यार्थिनीला वसतिगृहात बिअरसह पकडले. अमेरिकेत मद्य विकत घेण्याचे किमान वय २१ आहे. १९८४ च्या केंद्रीय कायद्याने राज्यांना तसे करायला भाग पाडले. पोलिसांनी नोंदवलेले प्रकरण न्यायालयाने पुसून टाकले. पण कॉलेजच्या शिस्तपालन कार्यालयाने तिला एका सत्रापुरते ‘प्रोबेशन’वर ठेवले होते. न्यायालयाने पुसलेली शिक्षा सांगावी लागत नाही. कॉलेजची कारवाई मात्र गुणपत्रिकेवरून काढून टाकली गेली असली तरी सांगावी लागते. एकाच रात्रीच्या एकाच घटनेबद्दल एका प्रश्नाला ‘नाही’ आणि दुसऱ्याला ‘होय’ ही दोन्ही उत्तरे खरी असू शकतात.

सामायिक अर्जानंतर प्रत्येक कॉलेज आपला पुरवणी अर्ज पाठवते. त्यातले प्रश्न कधी अधिक व्यापक असतात. प्रलंबित आरोप किंवा थेट अटकेबद्दलही विचारणा होऊ शकते. टेक्सासच्या कॉलेजांची आणि डीओ ही डॉक्टरी पदवी देणाऱ्या ऑस्टिओपॅथिक कॉलेजांची अर्जव्यवस्था निराळी आहे आणि त्यांच्या प्रश्नांची शब्दरचनाही निराळी. एका अर्जातले उत्तर दुसऱ्यात उतरवण्यात धोका आहे तो यामुळेच.

पडताळणीची पाळी येते ती प्रवेश देऊ केल्यानंतर. एएएमसीच्या व्यवस्थेतून एक त्रयस्थ कंपनी गुन्हेगारी पार्श्वभूमी तपासते. अहवाल कॉलेजकडे जाण्याआधी विद्यार्थ्याला दाखवला जातो आणि चूक दाखवून देण्यासाठी त्याला दहा दिवस मिळतात. अशा कंपन्यांवर १९७० च्या ‘फेअर क्रेडिट रिपोर्टिंग ॲक्ट’चे बंधन आहे : दोषसिद्धीपर्यंत न पोहोचलेली अटक सात वर्षांहून जुनी असेल, तर ती साधारणपणे अहवालात देता येत नाही. दोषसिद्धीला मात्र अशी कालमर्यादा नाही.

एवढी पडताळणी का, हे मायकेल स्वँगोच्या प्रकरणावरून कळते. सहकाऱ्यांना आर्सेनिक पाजल्याबद्दल या डॉक्टरला १९८५ साली इलिनॉयमध्ये शिक्षा झाली. सुटल्यावर त्याने बनावट कागदपत्रे करून ते प्रकरण साध्या मारामारीचे असल्याचे भासवले आणि १९९२ मध्ये साउथ डाकोटात, पुढच्या वर्षी न्यू यॉर्क राज्यात स्टोनी ब्रुक येथे प्रशिक्षणार्थी डॉक्टर म्हणून जागा मिळवली. एका फोनने उघडे पडले असते असे खोटे दोन्ही ठिकाणी पचले. २००० साली त्याने रुग्णांच्या खुनांची कबुली दिली. शिकाऊ डॉक्टर पहिल्या दिवसापासून असहाय माणसांच्या अगदी जवळ असतो. बंद पडद्याआड, औषधांच्या कपाटाशेजारी. समित्यांची चिंता अवास्तव म्हणता येणार नाही.

म्हणूनच समितीला सगळे गुन्हे सारखे वाटत नाहीत. एकदाच घडलेले, अल्पवयातले, मद्याशी संबंधित प्रकरण सावरता येते. चोरी, फसवणूक, हिंसा, लैंगिक गुन्हे आणि अमली पदार्थांची विक्री यांकडे फार कठोरपणे पाहिले जाते. दारू पिऊन गाडी चालवल्याचा गुन्हा या दोहोंच्या मध्ये येतो : एकदा घडला आणि मध्ये चार-पाच स्वच्छ वर्षे गेली तर बोलता येते, दुसऱ्यांदा घडला तर व्यसनाचा प्रश्न उभा राहतो. परीक्षेतली कॉपी कोणत्याही न्यायालयात जात नाही, तरी बिअरच्या कॅनपेक्षा तीच जास्त महागात पडते.

‘होय’ उत्तर देणाऱ्याला खुलाशासाठी ॲमकासमध्ये १,३२५ कॅरेक्टर एवढीच जागा मिळते. तारीख, ठिकाण, आरोप, निकाल, शिक्षा पूर्ण झाल्याची नोंद आणि त्यानंतर काय बदलले, एवढे त्यात पुरते. ‘१९ वर्षांची असताना पार्टीत मद्यासह पकडले गेले. मिसडेमीनर कबूल केला, दंड भरला, २० तास समाजसेवा केली. त्यानंतर कोणतीही तक्रार नाही’ असा कोरडा मजकूर समितीला विश्वासाचा वाटतो. मित्रांनी आग्रह केला, पोलीस उद्धट होते, वकिलाने नीट सांगितले नाही, अशी कारणे मांडणारा मजकूर नेमका उलटा परिणाम करतो. प्री-मेड सल्लागाराला हे सगळे आधी सांगून ठेवावे, कारण शिफारसपत्र आणि खुलासा यांत विसंगती दिसली तर तीही नोंदली जाते.

न्यू जर्सीतल्या एडिसनपासून कॅलिफोर्नियातल्या बे एरियापर्यंतच्या मराठी कुटुंबांत एक वेगळी गुंतागुंत असते. अमेरिकेत जन्मलेली मुले नागरिक असतात. आईवडिलांच्या व्हिसावर आलेली मुले तशी नसतात. इमिग्रेशन कायद्यात दोषसिद्धीची व्याख्या १९९६ पासून फार रुंद आहे : कबुली आणि न्यायालयाने घातलेले कोणतेही बंधन एवढ्यावरही ती लागू होऊ शकते आणि राज्याच्या न्यायालयाने नोंद पुसली तरी बहुधा टळत नाही. व्हिसाच्या डीएस-१६० अर्जात अटकेबद्दलच विचारतात, माफी मिळालेली असली तरी. दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल नुसती अटक झाली, तरी व्हिसा रद्द होण्याची शक्यता असते. अशा मुलाने डायव्हर्जनची कबुली देण्याआधीच इमिग्रेशन वकिलाला गाठले पाहिजे. वडीलधाऱ्यांनी ‘गप्प बस, मिटवून टाकू’ म्हणण्यात इथे खरा धोका आहे.

प्रवेश मिळाल्यावरही हा विषय पुन्हा पुन्हा येतो. क्लिनिकल प्रशिक्षण देणारी रुग्णालये स्वतंत्र तपासणी करू शकतात. रेसिडेन्सीच्या, म्हणजे पदवीनंतर रुग्णालयात घ्यायच्या प्रशिक्षणाच्या अर्जात दोषसिद्धीचे प्रश्न पुन्हा येतात. अमली औषधे लिहून देण्यासाठी डीईए या केंद्रीय अमली पदार्थ नियंत्रण यंत्रणेकडे नोंदणी करताना अशा पदार्थांशी संबंधित शिक्षेबद्दल विचारतात. रुग्णाचा छळ, आरोग्यसेवेतली फसवणूक किंवा अमली पदार्थांची फेलनी व्यवसायाच्या संदर्भात सिद्ध झाली, तर मेडिकेअरसारख्या सरकारी योजनांतून किमान पाच वर्षे वगळले जाते आणि त्या काळात नोकरी मिळणे जवळजवळ अशक्य होते. डॉक्टरी परवाना राज्याचे वैद्यक मंडळ देते. अनेक मंडळे बोटांचे ठसे घेतात आणि काही मंडळे नुसत्या अटकेबद्दल, पुसून टाकलेल्या नोंदींबद्दलसुद्धा विचारतात. सामायिक अर्जात जे सांगावे लागले नव्हते, ते परवान्याच्या वेळी सांगावे लागू शकते. तोवर दहा-बारा वर्षे उलटलेली असतात आणि काही न्यायालयांनी जुन्या फायली नष्टही केलेल्या असतात. निकालाची प्रमाणित प्रत, दंडाची पावती आणि समाजसेवा पूर्ण केल्याचे पत्र प्रकरण मिटले त्याच आठवड्यात मिळवून जपून ठेवावे. फाइल उरलीच नसेल, तर ती उपलब्ध नसल्याचे न्यायालयाचे पत्र मंडळाकडे द्यावे लागते.