काथ्याच्या टाक्यांवर तरलेले जहाज

श्रावणी पौर्णिमेस सागराला श्रीफळ अर्पण करून, वरुणदेवाला वंदन करून कोळी बांधव आपल्या होड्या पाण्यात लोटतात. त्या श्रीफळाचे पाणी, खोबरे, करवंटी यांचे उपयोग घरोघरी ठाऊक आहेत. मात्र सोडणातून निघणाऱ्या काथ्याने एके काळी या किनाऱ्यावर समुद्रगामी जहाजे शिवली जात, याचे स्मरण आज फारसे कोणाला नाही. खिळ्यांचा आधार न घेता फळ्यांच्या कडांना भोके पाडावयाची, त्यांतून सुंभ ओवून फळ्या एकमेकींशी घट्ट बांधावयाच्या आणि सांधे राळेने बुजवावयाचे, अशी ती विद्या. असे जहाज लाटेपुढे ताठ राहत नाही. किंचित लवते आणि म्हणूनच टिकते.

भारतीय नौदलाच्या ‘कौंडिण्य’ जहाजाने ही विद्या पुन्हा दृष्टीस आणली. ते गोव्यात बांधले गेले. केरळचे कुशल कारागीर बाबू शंकरन आणि त्यांचे सहकारी यांनी त्याचा एकेक टाका हाताने घातला. फेब्रुवारी २०२५ मध्ये ते पाण्यात उतरले आणि २१ मे २०२५ रोजी कारवारच्या तळावर नौदलात दाखल झाले. आग्नेय आशियाकडे गेलेल्या ज्या कौंडिण्याची कथा परंपरेने सांगितली जाते, त्याचेच हे नाव.

मौज अशी की, या जहाजाचा जन्मच एका चित्रातून झाला आहे. प्राचीन जहाजाचा आराखडा कोठेही उपलब्ध नव्हता. आधार होता तो अजिंठ्याच्या लेण्यातील पाचव्या शतकातील भित्तिचित्राचा. त्या अनामिक चितान्याने जहाजाची आकृती राखली; परंतु चित्र बाहेरून काढलेले, तेव्हा पोटातील दोर कसा ओवला होता हे त्यात कसे दिसावे? ती उणीव कारागिरांच्या हातांनी आणि मद्रासच्या आय.आय.टी.तील चाचण्यांनी भरून काढावी लागली.

म्हणूनच हे जहाज एखाद्या बंदरात लागलेले असता कॅमेरा घेऊन धक्क्यावर जाणाऱ्याने थोडा विचार करावा. (नौदलाच्या तळावर अर्थातच अनुमतीवाचून छायाचित्र घेता येत नाही.) बहुतेकांची दृष्टी प्रथम शिडांवरील गंडभेरुंड व सूर्य यांच्याकडे जाते, मग नाळेवरील सिंहयाळीकडे. ती चित्रे शोभिवंत येतात, यात शंका नाही. आमच्या मते मात्र खरे घ्यावयाचे ते टाके. भर दुपारी ऊन डोक्यावर असता ते लाकडात विरून जातात. सकाळी वा सायंकाळी तिरपे ऊन पडले की प्रत्येक टाक्याची बारीक सावली फळीवर उमटते आणि शिवण स्पष्ट दिसू लागते. अगदी जवळून रुंद दृष्टीच्या भिंगाने टिपल्यास सुमारे ६५ फूट लांबीच्या या जहाजाचा बाक खोटा दिसतो. थोडे दूर सरून लांब पल्ल्याचे भिंग लावावे; शक्य तर एखादा खलाशी चौकटीत असू द्यावा, म्हणजे आकारमान कळते. मागे उभ्या पोलादी क्रेन पुष्कळांना खुपतात. त्या वगळण्याची धडपड कशाला? चित्र कोणत्या काळातले, हे पुढे त्याच सांगतील. आणि जहाजात पाऊल ठेवण्याची परवानगी लाभलीच, तर अजिंठ्याच्या चितान्याला जे दाखविता आले नाही ते, म्हणजे आतील बाजूचे ओवलेले दोर, सर्वप्रथम टिपावेत.

२९ डिसेंबर २०२५ रोजी ‘कौंडिण्य’ने पोरबंदर सोडले. चौकोनी शिडांत वारा भरून घेत, वल्ह्यांच्या सुकाणूने दिशा राखत ते अरबी समुद्र ओलांडून गेले आणि १४ जानेवारी २०२६ रोजी, आपल्या घरांत तिळगूळ वाटला जात असता, मस्कतच्या बंदरात पोहोचले. तोवर सुंभाच्या त्या टाक्यांनी एक संपूर्ण सागरप्रवास सोसला होता.