प्रोस्टेटची शस्त्रक्रिया : लेसर की नेहमीची?

अतिसाराने पडून राहिलेल्या एका भिक्खूला तथागतांनी आनंदासह स्वतःच्या हाताने स्वच्छ केले, ही कथा आपण विहारात ऐकतो. घरातले वडील मात्र रात्रीतून चार-पाच वेळा लघवीला उठतात, संकोचाने काही बोलत नाहीत आणि आपणही विचारत नाही. म्हणून हा विषय आम्ही येथे घेतला आहे.

मूत्राशयाच्या तोंडाशी, मूत्रमार्गाभोवती पुरुषांना प्रोस्टेट नावाची ग्रंथी असते. वयाबरोबर ती वाढते व मार्ग दाबला जातो. ही साधी वाढ म्हणजे कॅन्सर नव्हे. तरी तपासणी करून खात्री करून घ्यावी. पुष्कळांना गोळ्यांनीच आराम पडतो. लघवी वारंवार तुंबणे, मूत्राशयात खडे होणे, मूत्रपिंडावर ताण येणे, असे झाल्यास मात्र शस्त्रक्रिया टाळू नये.

नेहमीच्या पद्धतीस टीयूआरपी म्हणतात. तीत पोटावर चिरा नसतो. बहुधा कमरेत इंजेक्शन देऊन मूत्रमार्गातून दुर्बीण घालतात व विजेच्या तारेने ग्रंथी आतून खरवडून काढतात. लेसरमध्येही मार्ग तोच. फक्त तारेऐवजी प्रकाशकिरण असतो. होल्मियम लेसरने ग्रंथीचा वाढलेला भाग, सालीतून संत्रे सोडवावे तसा, सुटा करतात. रक्तस्राव कमी होतो व लघवीची नळी साधारणतः लवकर निघते. ग्रंथी फार मोठी असेल किंवा रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील, तर लेसर अधिक सोयीचे.

परंतु मध्यम आकाराच्या ग्रंथीत लघवीची धार सुधारण्याच्या बाबतीत दोन्हींचा गुण जवळपास सारखाच येतो. दोन्हींनंतर वीर्य बाहेर न येता मूत्राशयात जाऊ शकते. काहींना थोडे दिवस लघवीवर ताबा राहत नाही. लेसरचा खर्च बहुधा जास्त असतो आणि त्याला सरावलेला हात लागतो.

तेव्हा केवळ 'लेसर' या शब्दाला भुलून कर्ज काढू नये, दागिने गहाण ठेवू नयेत. ग्रंथी किती ग्रॅमची आहे, आपल्या प्रकृतीला कोणती पद्धत योग्य व का, डॉक्टरांनी अशा किती शस्त्रक्रिया केल्या आहेत, हे निःसंकोच विचारावे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतील रुग्णालयात आरोग्यमित्राकडे चौकशी करावी. आणि त्याआधी, आजच, घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारावे : "रात्री झोप नीट लागते ना?"