संगीत सीडीतील छुपे रूटकिट : सोनी बीएमजी प्रकरण आणि निवारणाचा प्रश्न

संगीताच्या सीडीची नक्कल रोखण्यासाठी तबकडीतच संरक्षक सॉफ्टवेअर घालण्याचे प्रयोग २००० नंतरच्या काही वर्षांत ध्वनिमुद्रण कंपन्यांनी केले. त्यांपैकी सोनी बीएमजी या कंपनीचा प्रयोग सर्वाधिक वादग्रस्त ठरला. हे सॉफ्टवेअर संगणकात शिरले कसे यापेक्षा ते काढून टाकणे इतके अवघड का झाले, याचा विचार प्रस्तुत लेखात प्रामुख्याने केला आहे.

दि. ३१ ऑक्टोबर २००५ रोजी मार्क रुसिनोविच या संगणकतज्ज्ञाने आपल्या संगणकात रूटकिट आढळल्याचे जाहीर केले. रूटकिट म्हणजे कार्यप्रणालीच्या गाभ्यात शिरून संगणकाच्या मालकापासूनच स्वतःला लपविणारे सॉफ्टवेअर होय. ते व्हॅन झँट या गायकबंधूंच्या, रीतसर विकत घेतलेल्या सीडीतून आले होते. ब्रिटनमधील फर्स्ट फोर इंटरनेट या कंपनीने तयार केलेल्या या प्रणालीचे नाव 'एक्ससीपी'. विंडोजमध्ये सीडी घालताच 'ऑटोरन' सुविधेद्वारे ती सुरू होई. परवाना करार पडद्यावर येई. परंतु लपविण्याच्या यंत्रणेचा त्यात उल्लेख नव्हता.

डॉलरचिन्ह, 'सिस' ही अक्षरे व पुन्हा डॉलरचिन्ह असा ज्या फाईलच्या नावाचा प्रारंभ असेल ती प्रत्येक फाईल एक्ससीपी अदृश्य करीत असे, मग ती कोणाचीही असो. परिणामी नोव्हेंबर २००५ मध्येच याच आडोशाचा लाभ घेणारे घातक प्रोग्राम अवतरले. पहारेकऱ्याने स्वतःसाठी ठेवलेली चोरवाट चोरांनाही सापडली, असेच म्हणावे लागेल.

निवारणातील खरी अडचण पुढेच होती. फाईली उघड करून हाताने पुसल्या, तर सीडी ड्राइव्हच नाहीसा होई. कारण एक्ससीपीने आपला ड्रायव्हर त्या ड्राइव्हच्या कार्यसाखळीत गुंफलेला असे. ड्रायव्हर गेला तरी रजिस्ट्रीतील नोंद मागे राही व विंडोजला ड्राइव्ह सुरू करता येत नसे. म्हणून प्रथम लपवणूक बंद करणे, नंतर रजिस्ट्रीतील नोंदी दुरुस्त करणे आणि शेवटी फाईली पुसणे हाच क्रम सुरक्षित होता. कंपनीने आरंभी दिलेल्या दुरुस्तीने केवळ लपवणूक थांबली. पुढे संकेतस्थळावरून दिलेला निष्कासक तर मूळ रोगाहून भयंकर निघाला. त्याचा मागे उरणारा घटक वापरून कोणतेही संकेतस्थळ त्या संगणकावर हवा तो प्रोग्राम चालवू शके, असे प्रिन्स्टन विद्यापीठातील अॅलेक्स हाल्डरमन व एडवर्ड फेल्टन यांनी दाखवून दिले. त्यानंतर कंपनीने तो मागे घेतला, सीडी परत मागविल्या आणि डिसेंबरमध्ये नवा निष्कासक दिला. प्रतिबंध मात्र अगदी साधा होता : ऑटोरन बंद ठेवणे, सीडी घालताना शिफ्ट कळ दाबून धरणे किंवा मर्यादित अधिकारांच्या खात्यातून काम करणे.

टेक्सास राज्याने नोव्हेंबर २००५ मध्ये कंपनीवर दावा दाखल केला. जानेवारी २००७ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनशी झालेल्या समझोत्यानुसार बाधित ग्राहकास दुरुस्तीखर्चापोटी १५० डॉलरपर्यंत भरपाई देण्याचे ठरले. प्रस्तुत लेखकास याहून महत्त्वाची वाटणारी बाब वेगळी आहे. प्रिन्स्टनच्या संशोधकांना या सॉफ्टवेअरमधील दोष रुसिनोविच यांच्या घोषणेपूर्वीच जाणवले होते. परंतु संरक्षक तंत्र भेदण्यास मनाई करणाऱ्या १९९८ च्या अमेरिकी कायद्यामुळे ते वकिलांचा सल्ला घेत थांबले. अशा सीडींच्या सुरक्षा-तपासणीस तेथे २००६ मध्ये तात्पुरती सूट मिळाली. भारतात २०१२ च्या दुरुस्तीने प्रताधिकार कायद्यात आलेले कलम ६५-अ असे तंत्र भेदण्यास शिक्षा सांगते, मात्र संगणकाच्या मालकाच्या अनुमतीने केलेली सुरक्षा-चाचणी त्यातून वगळते.