आपल्या देवांचे सोयरे

‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ तुम्ही पाहिला असेलच. त्या कथेमागे टॉल्किनने रचलेलं एक अख्खं देवकुळ आहे, वालार. सात देव, सात देवी. पहिल्या महायुद्धाच्या काळापासून तो आयुष्यभर हे जग लिहीत राहिला. १९७३ मध्ये तो गेला आणि मुलगा ख्रिस्तोफरने १९७७ मध्ये ‘द सिल्मरिलियन’ प्रसिद्ध केलं. कॉलेजात असताना मी वालारची नाती वहीत मांडून ठेवली होती.

आपल्या सीमाभागातल्या देवांचीही नाती मांडून बघा. मंगसुळीचा खंडोबा घ्या. त्याची म्हाळसा वाण्याची लेक, तर बाणाई धनगराची. सवतींचं पटेना, म्हणून जेजुरीला बाणाईचं देऊळ गडाच्या अर्ध्या वाटेवर आहे. कन्नड मुलखात हाच देव मैलारलिंग होतो, म्हाळसा गंगी माळव्वा होते आणि बाणाई कुरुबत्त्यव्वा. कुरुब म्हणजे तिकडचे धनगर. भाषा बदलली, पण संसार तोच राहिला. दोन समाजांचा एकच जावई झाला, म्हणून तर भंडारा सगळ्यांच्याच कपाळी लागतो.

सौंदत्तीची यल्लम्मा म्हणजे आपली रेणुका, परशुरामाची आई. १९५६ साली राज्यांच्या सीमा आखल्या गेल्या. पण मार्गशीर्ष पौर्णिमा आली की कोल्हापूरकडच्या गाड्या आजही निपाणी-बेळगाववरून ‘उदो गं आई उदो’ करत तिच्या डोंगराकडे जातात. सीमेचा वाद आपल्या घरांत पिढ्यानपिढ्या चालत आलाय. आईच्या दारात मात्र मराठी आणि कन्नड एकाच रांगेत उभे असतात.

फरक एकच आहे. वालारची नाती विसरली तर पुस्तक उघडता येतं. आपल्या देवांवर रा. चिं. ढेरे, सोन्थायमर यांच्यासारख्या अभ्यासकांनी भरपूर लिहिलं, तरी तुमच्या घराण्याची कथा त्यात असेलच असं नाही. ती वाघ्या-मुरळीच्या जागरणात, धनगरांच्या ओव्यांत आणि आजीच्या बोलण्यात आहे. लग्नानंतरचं रात्रभराचं जागरण तर आता माझ्या बघण्यात दोन तासांत उरकतं.

येत्या सुट्टीत गावी गेलात की तीन गोष्टी विचारा: आपलं कुलदैवत कोणतं, त्याचे सोयरे कोण आणि कन्नडमध्ये त्याला काय म्हणतात? उत्तरं मोबाईलवर सांगणाऱ्याच्याच आवाजात टिपून ठेवा. मुलांना वालार जरूर वाचू द्या, पण बाणाई अर्ध्या वाटेवर का राहिली, हेही त्यांना सांगा.