गरोदरपणातील वनस्पतिजन्य पूरके

गरोदरपणातील वनस्पतिजन्य पूरके म्हणजे गर्भवती स्त्रीने नेहमीच्या आहाराखेरीज घेतलेली, वनस्पतींपासून तयार केलेली चूर्णे, काढे, कल्प, अर्क व कॅप्सूल होत. शतावरी कल्प, अश्वगंधा चूर्ण, शेवग्याच्या पानांची पूड ही महाराष्ट्रातील परिचित उदाहरणे. झाडपाल्याचे औषध अपाय करत नाही, या समजुतीने ती पुष्कळदा वैद्यकीय सल्ल्याविना घेतली जातात. ही समजूत चुकीची असून कोकणातील जुन्या जाणकारीलाही ती धरून नाही.

परंपरेतील भेद

रत्नागिरी जिल्ह्यात पावसाळ्यात वईवर, म्हणजे कुंपणावर, तांबड्या-पिवळ्या पाकळ्यांची कळलावी फुलते. कळा लावणारी ती कळलावी. तिच्या कंदाचा लेप नाभीवर व तळपायांना लावून प्रसूतिवेदना सुरू करण्याची जुनी रीत या नावातच टिकून राहिली आहे. संस्कृतात तिला लांगली म्हणतात. तिच्या कंदात कोल्चिसीन हे पेशींचे विभाजन थांबवणारे विष असते आणि कंद पोटात गेल्याने मृत्यू ओढवल्याच्या नोंदी आहेत.

गर्भवतीचा आहार आणि बाळंतिणीचा आहार यांतही घरोघरी भेद केला जात असे. नारळ-गुळातले आळिवाचे लाडू, डिंकाचे लाडू, बाळंतशेपा, बाळंतकाढा हे सारे प्रसूतीनंतरचे. आळिवाने गर्भाशय आकुंचन पावतो म्हणून तो गरोदरपणी देऊ नये, असे वडीलधाऱ्या स्त्रिया सांगत. या निषेधाला मानवी अभ्यासाचा आधार तुटपुंजा आहे, तरी तो पाळण्यात तोटाही नाही. 'स्त्रियांच्या आरोग्यासाठी' एवढेच छापलेल्या डब्यावर मात्र हा भेद पुसला जातो.

मात्रा व प्रकार

एकच वनस्पती अवस्थेनुसार व मात्रेनुसार निराळी वागते. कच्च्या पपईच्या चिकाने उंदरांच्या गर्भाशयाचे आकुंचन झाल्याचे प्रयोगात दिसले. पिकलेल्या पपईच्या रसाने तसे झाले नाही. मळमळीवर आल्याचा उपयोग मानवी चाचण्यांत आढळला असून त्यांत दिवसाला सुमारे १ ग्रॅम सुंठ वापरली गेली. आमटीतील चिमूटभर हळद आणि कर्क्युमिनची कॅप्सूल यांची तुलना होऊ शकत नाही. काढ्यात सर्रास पडणाऱ्या ज्येष्ठमधाविषयी अधिक सावधगिरी हवी. त्यातील ग्लिसिरायझिन गरोदरपणी आठवड्याला ५०० मिलिग्रॅम वा त्याहून अधिक घेतलेल्या मातांच्या मुलांची बौद्धिक चाचण्यांतील कामगिरी उणी असल्याचे फिनलंडमधील अभ्यासात आढळले. अश्वगंधेवर डेन्मार्कने २०२३ मध्ये बंदी घातली. गर्भपाताची शक्यता हे तिच्या कारणांपैकी एक होते.

शिसे

धोका नेहमी वनस्पतीचाच असतो असे नाही. न्यूयॉर्क शहरात २०११-१२ मध्ये आयुर्वेदिक औषधे घेणाऱ्या ६ गर्भवतींच्या रक्तात शिशाचे प्रमाण वाढलेले आढळले. त्यांपैकी ५ जणी भारतात जन्मलेल्या होत्या. शिसे वारेतून गर्भापर्यंत पोहोचते आणि त्याच्या मेंदूच्या वाढीला बाधा आणते. अशी भेसळ चवीवरून वा वासावरून ओळखता येत नाही.

कायदा

औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियम, १९४० खालील नियमांच्या अनुसूची ई(१) मध्ये विषारी द्रव्यांची यादी आहे. तीत लांगली, बिब्बा, गुंज, धोतरा, बचनाग इत्यादींचा समावेश होतो. ही द्रव्ये असलेल्या पोटात घेण्याच्या औषधांवर 'वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे' अशा अर्थाची सूचना छापावी लागते. अन्न म्हणून विकली जाणारी पूरके अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या कक्षेत येतात. त्यांच्या डब्यावरील १४ अंकी क्रमांक उत्पादकाचा परवाना दर्शवतो. ते पूरक गर्भवतींवर तपासले आहे, असा त्याचा अर्थ होत नाही.

लोह व फॉलिक आम्ल

पूरकाने थेट अपाय केला नाही, तरी त्याच्या भरवशावर आवश्यक गोळ्या बंद होणे हीही हानीच होय. शेवग्याच्या पुडीत लोह असते, पण एका चमच्यात ते किती आणि त्यातले अंगी किती लागते, हे निश्चित नसते. शासकीय कार्यक्रमात पहिल्या तीन महिन्यांत फॉलिक आम्ल आणि चौथ्या महिन्यापासून १८० दिवस रोज ६० मिलिग्रॅम लोह व ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल असलेली गोळी विनामूल्य मिळते. ही गोळी चहाबरोबर घेतल्यास लोहाचे शोषण घटते. घरी चालू असलेला काढा वा चूर्ण तपासणीच्या वेळी डॉक्टरांना किंवा आशा सेविकेला डब्यासह दाखवणे इष्ट असते, कारण 'औषध काही चालू आहे का?' या प्रश्नाला उत्तर देताना पुष्कळ स्त्रिया काढ्याला औषधात धरतच नाहीत.