स्त्रियांनीं वजनें उचलावीं काय ?

स्त्रियांच्या व्यायामाचा विषय आपल्या सुशिक्षित कुटुंबांत निघाला, तर फिरावयास जाणें, सूर्यनमस्कार किंवा योगासनें यांस हल्लीं कोणी फारशी हरकत घेत नाहीं. परंतु घरांतील एखाद्या मुलीनें अथवा सुनेनें ‘मी वजनें उचलण्याचा व्यायाम शिकतें’ असें म्हटलें, कीं वडील मंडळींच्या कपाळाला आठ्या पडतात. हात पुरुषांसारखे राठ होतील, पोटांतील जागा सरकेल, लग्नाच्या मुलीला हें शोभेल काय, अशा शंका एकामागून एक पुढें येतात. शंका काढणारीं माणसें तिच्या हिताचींच असतात. म्हणून त्यांची टर न उडवितां त्यांच्या प्रत्येक शंकेचा नीट विचार करणें अवश्य आहे. तो येथें करावा असें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. ज्या घरांतील स्त्रियांनीं वजनें उचललीं नाहींत, असें घर आपल्याकडे मिळणें कठीण. पाण्याचें वजन लिटरास एक किलो पडतें. तेव्हां पंधरा लिटरांचा भरलेला हंडा, भांड्याचें वजन धरून, सोळा-सतरा किलोंचा होतो. घरगुती गॅसच्या सिलिंडरांत १४.२ किलो वायु असतो आणि त्यांत लोखंडी टाकीचें वजन मिळविलें, कीं तो तीस किलोंच्या घरांत जातो. दोन-अडीच वर्षांचें मूल दहा-बारा किलोंचें असतें, आणि तें दिवसांतून किती वेळां कडेवर घ्यावें लागतें याचा हिशेब कोणती आई ठेवते? हीं सारीं ओझीं ती उचलीत असतांना तिचे हात राठ होतील अशी चिंता कोणाला वाटत नाहीं. तिनें स्वतःसाठीं पांच किलोंचें डंबेल हातांत घेतलें, कीं तें मात्र पुरुषी ठरतें!

यावर कोणी म्हणेल, ‘घरकामांत एवढीं वजनें उचललीं जात असतील, तर निराळ्या व्यायामाची गरजच काय?’ हा आक्षेप वरवर बिनतोड दिसतो. त्याचें उत्तर शहरांतील घरांपेक्षां खेड्यांतील शेतावर अधिक स्पष्ट मिळतें. परभणी जिल्ह्यांत सेलू तालुक्यांत देवगांव फाटा म्हणून ठिकाण आहे. नांवाप्रमाणेंच तो रस्त्यांचा फाटा असून भोंवतालचा मुलूख काळ्या जमिनीचा व कापसाचा आहे. वेचणीच्या दिवसांत या भागांतील स्त्रिया सकाळपासून वांकून कापूस वेचतात, कमरेशीं बांधलेल्या ओटींत तो सांठवितात, आणि त्याचीं गांठोडीं डोक्यावरून बांधापर्यंत आणतात. घरीं परतल्यावर पाणी, सरपण व जनावरांची वैरण हीं आहेतच. नुसतें ओझें वाहिल्यानें बळ वाढत असतें, तर या भगिनींच्या पाठी पोलादाच्या झाल्या असत्या. परंतु त्यांतील पुष्कळ जणींची कंबर चाळिशीच्या आंतच धरते आणि गुडघे कुरकुरूं लागतात. हें कां व्हावें, याचा उलगडा झाला म्हणजे श्रम आणि व्यायाम यांतील भेद कळतो.

श्रमांत ओझें कामाच्या सोयीनें ठरतें, शरीराच्या सोयीनें नव्हे. तेंच वजन, तीच वांकलेली पाठ, तीच एक बाजू, आणि तेंहि रोज. उलट व्यायामांत ओझें शरीराच्या कुवतीप्रमाणें निवडलें जातें, कुवत वाढेल तसतसें तें थोडें थोडें वाढवितात, आणि मध्यंतरीं विश्रांति देतात. स्नायूंवर नेहमींपेक्षां किंचित् अधिक ताण पडला, कीं शरीर त्या तंतूंची डागडुजी करतें व पूर्वीपेक्षां ते अधिक भक्कम बांधतें. मात्र ही बांधणी ओझें उचलतांना होत नाहीं, ती नंतरच्या झोपेंत व विश्रांतींत, आणि पोटांत गेलेल्या अन्नावर होते. वीस वर्षें एकच हंडा उचलणाऱ्या स्त्रीचें शरीर त्या हंड्याला पहिल्या कांहीं महिन्यांतच सरावलेलें असतें. पुढें ओझें वाढत नाहीं म्हणून बळहि वाढत नाहीं, आणि विश्रांति मिळत नाहीं म्हणून सांधे मात्र झिजतात. त्यांतून अन्नाची उणीव असेल तर विचारूंच नये. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पांचव्या फेरींत, म्हणजे २०१९ ते २०२१ या काळांत, महाराष्ट्रांतील १५ ते ४९ वर्षे वयाच्या स्त्रियांपैकीं ५४.२ टक्के स्त्रियांस रक्तक्षय असल्याचें आढळून आलें. देवगांव फाट्याजवळील शेतमजूर भगिनीस डंबेल आणून देणें हा तिच्या दुखण्यावरील उपाय नव्हे. तिला घरांत पाण्याचा नळ, पोटभर सकस अन्न आणि दुपारचा विसांवा पाहिजे. व्यायामाची उणीव आहे ती ज्यांच्या घरीं नळ आला, पाट्याच्या जागीं यंत्र आलें आणि बैठें काम वाढलें, त्या आपल्या घरांत.

आतां पहिली शंका घेऊं: शरीर पुरुषी होईल काय? स्नायूंची जाडी वाढविणारा जो मुख्य अंतःस्राव, टेस्टोस्टेरोन, तो प्रौढ स्त्रीच्या रक्तांत पुरुषाच्या मानानें पंधराव्या हिश्श्याच्या आसपास असतो. त्यामुळें पुरुषासारखे फुगलेले दंड स्त्रीस सहजासहजीं येत नाहींत. पहिल्या सहा-आठ आठवड्यांत ताकद झपाट्यानें वाढते, तरी दंडाचा घेर जवळजवळ तेवढाच राहतो. कारण या अवधींत मुख्यतः मज्जातंतु शिकत असतात. जे स्नायुतंतु आजवर झोपलेले होते, त्यांस एकदम कामाला लावण्याची कला मेंदूस साधते. त्यानंतर तंतु हळूहळू जाड होतात. परंतु तें अंगाला भरीवपणा देण्यापुरतें. सर्वसाधारण स्त्रीच्या पायांतील बळ पुरुषाच्या दोन-तृतीयांशाच्या, आणि हातांखांद्यांतील बळ निम्म्याच्या आसपास असतें. मात्र व्यायाम सुरू केल्यावर, ज्याच्या त्याच्या मूळ बळाच्या मानानें पाहिल्यास, होणारी वाढ स्त्रीपुरुषांत सारखीच दिसून येते. म्हणजे निसर्गानें स्त्रीस भांडवल कमी दिलें असेल, पण व्याजाचा दर तोच ठेवला आहे.

कांहीं भगिनी दोन महिने नेमानें व्यायाम करून वजनाच्या कांट्यावर उभ्या राहतात आणि कांटा हलला नाहीं म्हणून निराश होतात. ही निराशा अनाठायीं आहे. चरबी कमी होऊन तितकेंच स्नायूंचें वजन वाढलें, तर कांटा जागचा हलत नाहीं. परंतु चरबीपेक्षां स्नायु कमी जागा व्यापतो, म्हणून पोलका कमरेशीं सैल होतो, जिना चढतांना दम लागत नाहीं. शिवाय जेवणांतून रक्तांत येणारी साखर पुष्कळशी स्नायूच शोषून घेतात. मधुमेहाचा वारसा असलेल्या घरांत या एका गोष्टीचें मोल फार आहे.

पण आमच्या मतें सर्वांत मोठा लाभ डोळ्यांस दिसत नाहीं, तो हाडांचा. तिशीच्या सुमारास हाडांचा सांठा भरपूर होतो. पुढें तो हळूहळू उतरतो, आणि पाळी थांबल्यानंतरच्या पांच-सात वर्षांत कित्येक स्त्रियांच्या हाडांचा एक-पंचमांशापर्यंत भाग झिजून जातो. न्हाणीघरांत पाय घसरून आजीचें खुब्याचें हाड मोडणें, आणि त्यानंतर तिनें अंथरूण धरणें, हा प्रसंग ज्या घरानें पाहिला नाहीं तें घर भाग्याचें. हाडावर भार पडला, कीं त्यांतील जिवंत पेशी तो ओळखतात आणि तेथें नवें हाड घालूं लागतात. ऑस्ट्रेलियांतील ग्रिफिथ विद्यापीठाच्या संशोधकांनीं पाळी थांबलेल्या व हाडें विरळ झालेल्या एकशें एक स्त्रियांवर एक प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष २०१८ सालीं छापून आले. त्यांतील एका गटाकडून आठ महिने, आठवड्यांतून दोनदां, अर्धा अर्धा तास, जाणत्या शिक्षकाच्या देखरेखीखालीं जड वजनें उचलवून घेतलीं. या गटांतील स्त्रियांच्या कण्याच्या हाडाची घनता २.९ टक्क्यांनीं वाढली. घरच्या घरीं हलका व्यायाम करणाऱ्या दुसऱ्या गटाची १.२ टक्क्यांनीं घटली.

‘आतां या वयांत काय?’ म्हणणाऱ्यांसाठीं त्याहून जुना एक दाखला आहे. अमेरिकेंत बोस्टन येथें नव्वदीच्या घरांतील वृद्ध स्त्रीपुरुषांकडून आठ आठवडे मांड्यांच्या स्नायूंचा व्यायाम भारानिशीं करवून घेतला. त्याचा वृत्तांत १९९० सालीं प्रसिद्ध झाला. प्रयोग पुरा करणाऱ्या नऊ जणांच्या पायांचें बळ सरासरीनें १७४ टक्क्यांनीं वाढलें! नव्वदाव्या वर्षीं जें शरीर शिकूं शकतें, तें पन्नासाव्या वर्षीं शिकणार नाहीं असें कोण म्हणेल?

हा मार्ग स्त्रियांस खुला व्हावयास जगांतहि उशीरच झाला. पुरुषांचें वजन उचलणें १८९६ सालच्या अथेन्सच्या ऑलिंपिकांतच होतें. स्त्रियांची पहिली जागतिक स्पर्धा १९८७ सालीं भरली, आणि ऑलिंपिकांत त्यांस प्रवेश मिळाला तो २००० सालीं, सिडने येथें. त्याच वेळीं कर्णम मल्लेश्वरी यांनीं दोन उचलींत मिळून २४० किलो उचलून कांस्यपदक मिळविलें. ऑलिंपिक पदक मिळविणाऱ्या त्या पहिल्या भारतीय स्त्री होत. २०२१ सालीं टोकियो येथें मीराबाई चानू यांनीं ४९ किलोंच्या वजनगटांत एका उचलींत ११५ किलो डोक्यावर नेले, म्हणजे स्वतःच्या दुपटीहून अधिक. आपल्या महाराष्ट्रांत तालमींतील नाल आणि करेला हे पिढ्यान् पिढ्या मुलांच्याच हातीं राहिले. पण २०२२ सालीं मेक्सिकोंत झालेल्या किशोरांच्या जागतिक स्पर्धेंत मनमाडच्या आकांक्षा व्यवहारे हिनें ४० किलोंच्या गटांत एकूण १२७ किलो उचलून रौप्यपदक आणलें, आणि त्याच वर्षीं खेलो इंडिया स्पर्धेंत सांगलीच्या काजोल सरगर हिनें सुवर्णपदक जिंकलें. काजोलच्या घरीं पानाची टपरी आहे आणि तिचा भाऊ संकेत यानेंहि त्या वर्षीं बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेंत रौप्यपदक मिळविलें. भावाला जें मिळालें तें बहिणीलाहि त्या घरानें दिलें, हें आम्हांस त्या पदकांइतकेंच मोलाचें वाटतें.

दुसरी शंका पोटांतील जागा सरकण्याची. ही अगदींच निराधार नाहीं. बाळंतपणानंतर ओटीपोटाचे स्नायु सैल असतात. तशांत श्वास कोंडून, कुंथून जड वस्तु उचलली तर इजा होऊं शकते. म्हणून नुकतें बाळंतपण झालेल्या, अंग बाहेर येण्याचा त्रास असलेल्या, रक्तदाब वाढलेल्या किंवा हाडें ठिसूळ झालेल्या स्त्रियांनीं आधीं डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. इतरांनीं एवढें पाळावें: उचलतांना श्वास सोडावा, ठेवतांना घ्यावा, आणि नाकापेक्षां मोतीं जड होऊं देऊं नये.

आतां प्रत्यक्ष रीति. आरंभीं कोणतेंहि साहित्य नको. हाताचा आधार न घेतां खुर्चीवरून उठणें व बसणें, हें दहा वेळां करावें. सोपें वाटूं लागलें, म्हणजे दोन किलो पिठाची पिशवी छातीशीं धरून तेंच करावें. दुसरा प्रकार जमिनीवरून उचलण्याचा: पिशवी पायांजवळ ठेवून, गुडघे वांकवून व पाठ सरळ राखून, ती अंगाशीं धरून पायांच्या जोरानें उठावें. तिसरा प्रकार खांद्यापासून डोक्यावर नेण्याचा, चौथा भिंतीस हात टेकून अंग ढकलण्याचा, आणि पांचवा दोन्ही हातांत सारखें वजन घेऊन चालण्याचा. चालणें सोडून प्रत्येक प्रकार आठ ते बारा वेळां. शेवटचे दोन कष्टानें व्हावे एवढें वजन असावें. बारा वेळां सहज होऊं लागले, कीं अर्धा-एक किलो वाढवावा. आठवड्यांतून दोन दिवस पुरेत, मध्यें निदान एक दिवस विसांव्याचा. जागतिक आरोग्य संघटनेनेंहि २०२० सालीं प्रौढांस स्नायूंच्या व्यायामासाठीं आठवड्यांतून निदान दोन दिवस सांगितले आहेत. जवळ चांगली व्यायामशाळा व जाणती शिक्षिका असेल, तर उत्तमच.

शेवटची गोष्ट स्वयंपाकघरांतली. प्रौढ स्त्रीस दिवसाकाठीं वजनाच्या दर किलोमागें ०.८३ ग्रॅम प्रथिनें लागतात. पन्नास किलो वजनास तीं सुमारें ४२ ग्रॅम होतात. पातळ वरणाच्या वाटींत पांच-सहा ग्रॅमच येतात. तेव्हां घट्ट वरण, मोडाची उसळ, दहीं, दूध, शेंगदाणे यांची जोड रोज हवी. आणि येथेंच आपल्या एकत्र कुटुंबाची खरी कसोटी आहे. सर्वांचीं पानें वाढून झाल्यावर उरेल तें जेवणारी, आणि सर्वांचीं कामें उरकल्यावर उरेल त्या वेळांत स्वतःकडे पाहणारी स्त्री बळ कोठून आणणार? उसळ उरत नाहीं, आणि वेळहि उरत नाहीं.

म्हणून आमची विनंति मुलींना व सुनांना कमी, आणि घरांतील सासूबाईंना व कर्त्या पुरुषांना अधिक आहे. आठवड्यांतील दोन अर्धे तास तिचे आहेत, त्या वेळीं कोणी तिला हांक मारूं नये, असें वडीलधाऱ्यांनींच एकदां चारचौघांत सांगून टाकावें. तिच्या वांट्याची उसळ आधीं काढून ठेवावी. आणि सासूबाईंनीं स्वतःहि खुर्चीवरून दहा वेळां उठून पाहावें. दहावी खेप जड गेली, तर व्यायामाची गरज कोणाला अधिक आहे, हें निराळें सांगावें लागणार नाहीं.