बीडीएसची पसंतीयादी : कॉलेजला काय दिसतं, काय दिसत नाही

‘पहिल्या नंबरवर मुंबईचं सरकारी डेंटल टाकलं, तर खालच्या कॉलेजवाल्यांना राग नाही ना येणार?’ नीटचा निकाल लागला की दादरा-नगर हवेलीतल्या किलवणीत, सिल्वासात, खानवेलकडच्या गावांत हा प्रश्न दरवर्षी ऐकू येतो. मुलगी हुशार, घरात डॉक्टर होणारी पहिलीच, आणि वडील फॉर्म भरून देणाऱ्या दुकानात अवघडून बसलेले. एका वडिलांनी मला सरळच सांगितलं, “सर, दमणचं कॉलेज पहिलं टाकतो. वर मुंबई-अहमदाबाद दिसलं तर ते म्हणतील, या पोरीला इथं यायचंच नाही.” मी म्हटलं, “दादा, तुमची यादी कॉलेजकडे जातच नाही. ती कॉम्प्युटर वाचतो, आणि तोही फक्त तुमच्या मुलीसाठी.” त्यांना ते पटायला वेळ लागला. त्यांचं चुकत नव्हतं. ही व्यवस्था कोणी त्यांना नीट उलगडून सांगितलीच नव्हती.

बीडीएसचं ऍडमिशन कॉलेज देत नाही, काउन्सेलिंग करणारी यंत्रणा देते. सरकारी दंत महाविद्यालयांतल्या 15 टक्के जागा अखिल भारतीय कोट्यात असतात. हा कोटा सर्वोच्च न्यायालयाच्या 1984 च्या प्रदीप जैन निकालातून आला. त्या जागा आणि सगळ्या अभिमत विद्यापीठांतल्या शंभर टक्के जागा दिल्लीची मेडिकल काउन्सेलिंग कमिटी, म्हणजे एमसीसी भरते. उरलेल्या जागा त्या त्या राज्याच्या यंत्रणेकडे असतात. महाराष्ट्रात ते काम सीईटी सेल करतो. दादरा-नगर हवेली आणि दमण-दीवच्या प्रशासनाची स्वतःची वेगळी प्रवेशप्रक्रिया आहे. यांपैकी कुठल्याही टेबलावर कॉलेजचा माणूस तुमची यादी हातात घेऊन बसलेला नसतो.

जागावाटप चालतं ते असं. पहिल्या रँकचा विद्यार्थी आधी घेतला जातो. त्याच्या यादीत वरून खाली जाताना जी पहिली मोकळी जागा लागेल ती त्याची. मग दुसरा, मग तिसरा. समजा, एकाच प्रवर्गातल्या दोनच जागा उरल्या आहेत, एक मुंबईत आणि एक नागपुरात. रांगेत सर्वांत पुढे असलेली मुलगी नागपूरची. तिला घरून कॉलेज करायचंय, म्हणून तिने नागपूर पहिलं टाकलं आणि ते तिला मिळालं. तिच्या मागच्या मुलाने ‘मुंबई आपल्याला कुठली मिळायला’ म्हणून फक्त नागपूर भरलं होतं. त्याला काहीच मिळालं नाही. त्याच्याही मागच्या मुलीने दोन्ही भरली होती. रँक कमी असूनही मुंबईची जागा तिला गेली. त्या मुलाला कोणी नाकारलं नाही, मुंबई त्याच्या यादीतच नव्हती.

म्हणून जे कॉलेज खरोखर हवं आहे ते वर, त्याहून कमी हवं ते खाली. एखादं कॉलेज पहिल्या नंबरवर टाकल्याने तिथली संधी वाढत नाही आणि चाळिसाव्या नंबरवर टाकल्याने कमीही होत नाही. तिथे तुमची तुलना होते ती रँकवर. एमबीबीएस आणि बीडीएसचंही तसंच. एमसीसीच्या फॉर्मवर दोन्हींची मिळून एकच यादी असते. ‘बीडीएस भरलं की एमबीबीएसमधून नाव कापतात’ ही शुद्ध अफवा आहे. वर एमबीबीएसची कॉलेजं, खाली बीडीएसची, एवढं पुरतं.

मग कॉलेजला काहीच दिसत नाही का? दिसतं, पण जागा दिल्यानंतर. नाव, नीटची रँक, प्रवर्ग, कोणत्या कोट्यातून आणि कितव्या फेरीत आलात, हे त्यांना कळतं. आणि एक गोष्ट फार थोड्या पालकांच्या लक्षात येते. एमसीसी निकालाची पीडीएफ सगळ्यांसाठी उघडी टाकते. दुसऱ्या फेरीच्या यादीत रँकसमोर आधीच्या फेरीत मिळालेलं कॉलेज, आता मिळालेलं कॉलेज आणि ‘ऑप्शन नंबर’ नावाचा रकानाही छापलेला मी पाहिला आहे. म्हणजे रिपोर्टिंगला गेल्यावर तिथल्या क्लार्कने मनावर घेतलं, तर आपलं कॉलेज या मुलीच्या यादीत सदतिसावं होतं हे त्याला कळू शकतं. पण कळून तो करणार काय? जागा देण्याचा किंवा नाकारण्याचा अधिकार कॉलेजकडे नाही. कागद बरोबर असले आणि फी भरली की त्यांना ऍडमिशन द्यावंच लागतं. मुलाखत नाही, ‘आमच्याकडेच का?’ हा प्रश्न नाही.

ही भीती येते कुठून, तेही सांगायला हवं, कारण ती पूर्णपणे हवेतली नाही. आत्ताच्या पालकांनी पूर्वीचे दिवस पाहिले आहेत. खासगी मेडिकल-डेंटल कॉलेजांच्या संस्था स्वतःची परीक्षा घ्यायच्या. महाराष्ट्रातली ‘असो-सीईटी’ अनेकांना आठवत असेल. वेगवेगळे फॉर्म, वेगवेगळ्या फेऱ्या, आणि मॅनेजमेंटच्या जागांसाठी कॉलेजच्या ऑफिसात चकरा. तिथे समोरचा माणूस ‘आणखी कुठे भरलंय?’ असं विचारू शकत होता, आणि उत्तरावर काही ठरूही शकत होतं. हे बंद व्हायला 2016 साल उजाडलं. योगायोगाने त्यामागचा एक निकाल डेंटल कॉलेजच्याच नावाने ओळखला जातो. 2 मे 2016 रोजी मॉडर्न डेंटल कॉलेज विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने खासगी कॉलेजांतले प्रवेशही सरकारच्या सामायिक परीक्षेतून आणि केंद्रीय काउन्सेलिंगमधून करण्याचा कायदा वैध ठरवला. त्याच वर्षी दंतवैद्यक कायद्यात दुरुस्ती होऊन बीडीएससाठी नीट सक्तीची झाली. गावाकडच्या, ओळखपाळख नसलेल्या मुलांच्या बाजूने झालेला हा फार मोठा बदल आहे, असं मी मानतो. तो झाला हेच अनेक घरांपर्यंत पोचलेलं नाही, याचं वाईट वाटतं.

दुसरा उगम परदेशातल्या नातेवाइकांचा. ब्रिटनमध्ये यूकास या एकाच संस्थेमार्फत अर्ज जातात आणि डेंटिस्ट्रीसाठी जास्तीत जास्त चार विद्यापीठं निवडता येतात. तिथे निवड विद्यापीठ करतं आणि मुलाखतीही घेतं. म्हणून इतर अर्ज दिसतात का, हा प्रश्न तिथे खरोखर महत्त्वाचा आहे. त्याचंही उत्तर ‘नाही’ असंच आहे. आलेल्या ऑफरना विद्यार्थ्याने उत्तर देईपर्यंत एका विद्यापीठाला दुसरं दिसत नाही. तिकडची ही चर्चा व्हॉट्सऍपवरून इकडे येते आणि इकडचा नियम होऊन बसते.

आता याच्या उलट टोकाचा गैरसमज, आणि माझ्या मते जास्त महागात पडणारा : ‘दिल्लीला एक घेऊन ठेवू, इकडे एक घेऊ, कोणाला कळतंय!’

नाव नोंदवायला बंदी नाही. एमसीसीत, आपल्या प्रशासनाच्या प्रक्रियेत, पात्र असाल तर आणखी एखाद्या राज्यात, तिन्ही ठिकाणी फॉर्म भरा. एकाचा फॉर्म दुसऱ्याला मारत नाही. पण जागा घेतली, म्हणजे कॉलेजात जाऊन ऍडमिशन पक्कं केलं, की ते कॉलेज त्याच पोर्टलवर ‘रुजू झाला’ अशी नोंद करतं. रुजू झालेल्यांच्या याद्या केंद्र आणि राज्यांच्या यंत्रणा एकमेकांना देतात, आणि पुढच्या फेरीच्या आधी ती नावं पात्रांच्या यादीतून काढली जातात. आत्ताची चार फेऱ्यांची पद्धत, म्हणजे पहिली, दुसरी, तिसरी आणि शेवटची स्ट्रे फेरी, सर्वोच्च न्यायालयाच्या 16 डिसेंबर 2021 च्या आदेशाने आली. तिचा एक हेतू हाच होता की एकाने दोन जागा अडवायच्या आणि दुसऱ्याने रिकाम्या हाताने परतायचं, हे थांबावं. शिवाय दहावी-बारावीची ओरिजिनल मार्कशीट आणि लिव्हिंग सर्टिफिकेट एकच असतं, ते एका वेळी एकाच कॉलेजात जमा होणार. ‘सीट ब्लॉक करून देतो’ म्हणणाऱ्या एजंटला हे माहीत असतं, पालकांना नसतं.

जागा सोडायची असेल तर ती केव्हा सोडता, यावर सगळं अवलंबून आहे. एमसीसीत अखिल भारतीय कोट्यासाठी खुल्या प्रवर्गाला 10,000 रुपये आणि राखीव प्रवर्गांना 5,000 रुपये डिपॉझिट भरावं लागतं. अभिमत विद्यापीठांसाठी ते 2 लाख आहे. पहिल्या फेरीत मिळालेली जागा नको असेल तर गेलाच नाहीत तरी चालतं, डिपॉझिट जात नाही. दुसऱ्या फेरीत मिळालेल्या जागेवर गेला नाहीत तर ते जातं. तिसऱ्या फेरीत जागा घेऊन बसलेला विद्यार्थी पुढच्या फेरीत येऊ शकत नाही. स्ट्रे फेरीत जागा मिळूनही न जाणाऱ्याला तर पुढच्या वर्षीच्या नीटलाच बसू देत नाहीत. दोन लाख रुपये ही किलवणीतल्या शेतकरी किंवा कंपनीत कामाला जाणाऱ्या घरासाठी काय रक्कम आहे, हे मी सांगायला नको. म्हणून अभिमत विद्यापीठांचा रकाना ‘बघू तरी’ म्हणून भरू नये. फी परवडणारच नसेल तर तो सोडून द्यावा.

इथेच एक बारीक जागा आहे, तिच्यावर मी सगळ्यांना थांबवतो. पहिल्या फेरीत कॉलेज मिळालं, तुम्ही रुजू झालात, आणि कॉलेज विचारतं : अपग्रेडेशन हवं का? मुलगी ‘हो’ म्हणते. पुढच्या फेरीच्या यादीत ती पुन्हा दूरदूरची, नको असलेली कॉलेजंही तशीच राहू देते. त्यातलं एक लागतं. त्या क्षणी तिची आधीची जागा आपोआप दुसऱ्या मुलाच्या नावावर जाते, ती परत मिळत नाही. अपग्रेडेशनला ‘हो’ म्हटलंत तर नव्या यादीत फक्त हातातल्या कॉलेजपेक्षा जास्त हवी असलेली कॉलेजंच ठेवा. लॉक करण्याआधी यादी छापून घरात मोठ्याने वाचा. दहा मिनिटांचं काम आहे.

मराठी शाळेत शिकलेल्या इकडच्या मुलांबद्दल एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी, कारण दरवर्षी कोणीतरी निराश होतं. घरात मराठी, शाळेत मराठी, नातेवाईक पालघर-नाशिकला, एवढ्यावरून महाराष्ट्राच्या 85 टक्के कोट्यात आपण बसत नाही. तिथे महाराष्ट्राचं डोमिसाइल लागतं आणि दहावी-बारावीही महाराष्ट्रातून झालेली लागते. काही सरकारी कर्मचाऱ्यांच्या मुलांसारखे अपवाद आहेत, ते माहितीपुस्तिकेत तपासावेत. खासगी कॉलेजांतला 15 टक्के संस्थास्तरीय कोटा मात्र बाहेरच्यांनाही खुला असतो. त्याची फी जबर असते.

तसंच जातीच्या दाखल्याचं. वारली, कोकणा, धोडिया ही दादरा-नगर हवेलीच्या अनुसूचित जमातींच्या यादीतली नावं. इथला दाखला अखिल भारतीय कोट्यात चालतो. तिथे अनुसूचित जमातींना 7.5 टक्के जागा आहेत, आणि त्या मुंबई-नागपूरच्याच नव्हे तर देशभरातल्या सरकारी दंत महाविद्यालयांत आहेत. किलवणीतल्या वारली मुलीसाठी सगळ्यांत मोठं दार हेच आहे, आणि भीतीपोटी सगळ्यांत कमी वाजवलं जातं तेही हेच. पण तोच दाखला महाराष्ट्राच्या राज्य कोट्यात चालत नाही, कारण तिथलं आरक्षण त्या राज्याच्या रहिवाशांसाठी आहे. खासगी अभिमत विद्यापीठांत हे आरक्षण नसतंच. ज्या यंत्रणेचा फॉर्म, तिचे नियम. एकीकडे चाललेला कागद दुसरीकडे चालेलच असं नाही.

‘गेल्या वर्षी नीटला कमी पडले होते, ते कॉलेजला कळेल का?’ हाही प्रश्न येतो, विशेषतः रिपीटर मुलांकडून, हळू आवाजात. नीटचे मार्क त्या वर्षापुरतेच धरले जातात. वाटपाच्या यादीत फक्त या वर्षीची रँक असते. गेल्या वर्षाचं काही मोजलं जात नाही, आणि त्यात लाजण्यासारखंही काही नाही.

शेवटी राजीनाम्याबद्दल, कारण गोंधळ तिथेच होतो. मिळालेली जागा नियमात बसून सोडायची असेल, तर कॉलेजात तोंडी सांगून किंवा साधा अर्ज देऊन ती सुटत नाही. कॉलेजने पोर्टलवर तुमचा राजीनामा नोंदवायचा असतो आणि त्यातून निघालेलं ऑनलाइन पत्र तुमच्या हातात द्यायचं असतं. ते नसेल तर यंत्रणेच्या लेखी तुम्ही अजून तिथेच आहात, आणि दुसरीकडच्या पात्रांच्या यादीत तुमचं नाव येणार नाही. ओरिजिनल कागद परत घेताना हे पत्रही मागून घ्या, त्यावरचा नीटचा रोल नंबर तिथेच उभं राहून ताडून पाहा, आणि राजीनाम्याची शेवटची तारीख संपायच्या आदल्या दिवसापर्यंत हे काम लांबवू नका.